डाव्या बाजूचा स्पीकर

शिवाजी पेठ, कोल्हापूर
शनिवार, १४ जून २०२५

प्रिय पृथ्वी,

आण्णांचा अ‍ॅम्प्लिफायर जिवंत आहे. गुंडू मिस्त्रींनी काल दुपारी तो उघडून, मीटर लावून तसं सांगितलं. दोन कंडेन्सर बदलावे लागले, वॉल्व्ह सगळे मूळचेच. अकरा वर्षं पोत्याखाली होता, पण बटण दाबल्यावर दोन मिनिटांत काचा आतून लालसर झाल्या आणि तापलेल्या धुळीचा तो ओळखीचा वास आला. तू लहानपणी थंडीत त्यावर हात शेकायचास.

दुसरी बातमी कानाच्या डॉक्टरांची. आण्णांचा डावा कान जवळजवळ गेला. उजवा अजून चांगला आहे, पण तोही उतरतोय. किती दिवस, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "वर्षभर धरून चाला, जास्त मिळालं तर फायदा." आण्णा शेजारीच बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्यो काय म्हटला ते परत सांगू नकोस. तेवढं ऐकू आलं मला."

रिक्षात स्वतःहूनच बोलले, "क्रांती, मशीन एकदा लावून बघूया काय?"

म्हणून हे पत्र. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. कोइमतूरच्या फाउंड्रीत एवढ्या मीटिंगा होत असतील तर लोखंड कधी ओततात कोण जाणे. पत्र मीटिंग संपेपर्यंत थांबतं.

अडचण अशी की मशीन आहे आणि स्पीकर नाहीत. तू आणलेले दोन माळ्यावर आहेत, पण त्यांना हात लावायचा मला धीर झाला नाही. त्यांचं नाव निघालं की ती जानेवारीतली संध्याकाळ निघते. आण्णांची पंचाहत्तरी, दारात मांडव, पेठेतली पन्नासेक माणसं, तुझे चकचकीत नवे स्पीकर, आणि आण्णांनी स्वतःच्या हाताने बांधलेल्या मशीनमधून येणारा डासासारखा आवाज. वाढवला तर फाटला. तालमीचा कृष्णात मागून ओरडला, "बाळासो, मशीन उपाशी हाय काय?" सगळे हसले. आणि तू कानाच्या पाळीपर्यंत लाल होऊन म्हणालास, "आण्णा, आता हे भंगारात घाला."

आण्णांनी प्लग काढला, वायर नीट गुंडाळली आणि लोकांना म्हणाले, जेवायला बसा. त्यानंतर मशीन लागलं नाही. आई गेली तेव्हा तू तेरा दिवस राहिलास. तुम्ही दोघं तीन वाक्यं बोललात, त्यातली दोन पाण्याच्या टँकरबद्दल होती.

आण्णांची जुनी स्पीकरची खोकी असती तर प्रश्नच नव्हता. पण त्यांचं तुला माहीत आहे, उंदरांनी आतला कागद खाल्ला. तर आता मी स्पीकर शोधते आहे. साठाव्या वर्षी, निवृत्तीनंतर, हे एक नवं काम.

स्पीकर मिळाले तर ऐकायला येशील का? लगेच उत्तर देऊ नकोस.

तुझी,
आक्का


रविवार, २९ जून

प्रिय पृथ्वी,

तुझा मेसेज मिळाला. "त्या भंगाराच्या मागे का लागलीस." पाच शब्द, त्यातला एक भंगार. उत्तर आलं एवढ्यावर मी खूश आहे.

या पंधरवड्यातली मुख्य माहिती ही, की त्या दिवशी दोष मशीनचा नव्हता. गुंडू मिस्त्रींनी कॅलेंडरच्या पाठीवर आकडे मांडून मला हे पटवलं. मला समजलं तसं लिहिते.

प्रत्येक स्पीकरचा एक आकडा असतो. एक वॉट दिला आणि एक मीटरवर उभं राहून ऐकलं, तर किती डेसिबल भरतो तो आकडा. तुझ्या स्पीकरचा चौऱ्याऐंशी. आता या आकड्यात तीनचा फरक पडला की लागणारी ताकद दुप्पट होते. आण्णांचं मशीन एका बाजूला आठ वॉटचं. त्याला शहाण्णवच्या आसपासचा स्पीकर हवा. चौऱ्याऐंशीचा आणि शहाण्णवचा फरक बाराचा, म्हणजे चार वेळा दुप्पट, सोळापट. जो आवाज शहाण्णवच्या स्पीकरवर आठ वॉटमध्ये निघतो, तोच तुझ्या स्पीकरवर काढायला एकशे अठ्ठावीस वॉट लागतात.

गुंडू म्हणाले, "ताई, सायकलीला उसाची ट्रॉली जोडल्यागत झालतं. सायकल बी खोटी न्हाय आन् ट्रॉली बी खोटी न्हाय."

मी विचारलं, मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत? म्हणाले, "मी आलोच उशिरा. आलो तवा वांग्याची भाजी वाढत हुते."

मागच्या रविवारी आम्ही कागलला गेलो. तिथल्या एका बंद पडलेल्या थिएटरात पडद्यामागे दोन जुने कर्णे आहेत, असं गुंडूंना कळलं होतं. थिएटर आता खताचं गोडाऊन आहे. मालक जिनेंद्र म्हणून, चाळिशीचा, भला माणूस. म्हणाला, "पावणं, आधी चहा घेऊया. भोंगं कुठं पळून जात न्हाईत." कर्ण्यांचा आकडा एकशे चार. एकेकाचं तोंड आपल्या जेवणाच्या टेबलाएवढं. आण्णा गाडीत मशीन मांडीवर घेऊन आले होते, बाळंतिणीकडून बाळ आणावं तसं.

गुंडूंनी तिथेच जोडणी केली आणि मोबाईलवरची सनई लावली. आवाजाचं बटण जेमतेम हललं होतं, तरी सबंध थिएटर भरलं. पत्र्यावरची कबुतरं उठली. जिनेंद्र म्हणाला, "आई शप्पत, एवढ्या डबड्यातनं?" आण्णा खताच्या पोत्यावर उजवा कान पुढे करून पाच मिनिटं बसले. मग म्हणाले, "जोर लई हाय. पर ह्ये हाळी देतंय, बोलत न्हाय."

तसेही ते कर्णे आपल्या दारातून आत आले नसते. आले असते तर आम्ही दोघं बाहेर.

परत येताना आण्णा एकदम म्हणाले, "आपली खोकी सत्त्याण्णवची हुती." आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले. मीही माझ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले.

तुझी,
आक्का


रविवार, १३ जुलै

प्रिय पृथ्वी,

तुझे स्पीकर उत्तम आहेत. याला साक्षीदार मी, गुंडू मिस्त्री आणि उंबऱ्यात उभे असलेले आण्णा.

काल गुंडूंनी दुकानातला दोनशे वॉटचा साधा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर आणला आणि माळ्यावरचे तुझे स्पीकर खाली काढून त्याला जोडले. अरे, काय गोड वाजले. बाईचा आवाज खोलीच्या मधोमध, खुर्ची टाकून बसल्यासारखा. सगळं ऐकून आण्णा म्हणाले, "पोरानं माल चांगला आणलता." आणि अंघोळीला गेले. वाक्य मी तिथल्या तिथे टिपून घेतलं. माझ्या शब्दांची भर त्यात नाही.

आता पुढचं. हे लिहायचं टाळत मी महिना काढला. कर्णे, आकडे, कागल, सगळं लिहिलं आणि हे मागे ठेवलं. वर्तमानपत्रात बातमीदारांना मी वर्षानुवर्षं सांगत आले, मुख्य गोष्ट वर घ्या. स्वतःच्या बाबतीत ती तिसऱ्या पत्रात, मधेच कुठेतरी घालते आहे.

आण्णांची खोकी उंदरांनी खाल्ली नव्हती. ती मी देऊन टाकली.

२०१२ सालचा ऑगस्ट आठव. आण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तुझ्याकडे कोइमतूरला होते. आईचे गुडघे पार गेले होते, जिना चढवेना. तिचा पलंग खालच्या खोलीत आणायचा होता आणि ती दोन खोकी अर्धी खोली अडवून बसली होती. त्याच आठवड्यात तालमीची पोरं वर्गणीला आली. गणपती बसवायला भक्कम बैठक पाहिजे, म्हणाली. मी खोक्यांकडे बोट दाखवलं. दहा मिनिटांत उचलली. आत स्पीकर आहेत हे मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. तेव्हापासून आपल्या तालमीचा गणपती आण्णांच्या स्पीकरवर बसतो.

आण्णा परत आल्यावर मला बोलायचं धैर्य झालं नाही. कागद उंदरांनी खाल्ला, भंगारवाल्याला दिली, असं मी म्हणाले. आण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं." एवढंच.

पंचाहत्तरीच्या आधी तू फोन करून विचारलं होतंस. "आक्का, जुने खरंच गेले का? का मी नवे घेऊ?" मी म्हणाले, घे. एवढ्या लांबून एवढे महागाचे स्पीकर तू आणलेस ते माझ्या एका थापेवर. कृष्णातचा टोमणा, तुझं ते वाक्य, त्यानंतरची अकरा वर्षं, या सगळ्याच्या मुळाशी एक पलंग आहे आणि तो मी टाकला. आईला त्यावर सहा वर्षं सुखाची झोप लागली, एवढंच माझ्या बाजूने सांगण्यासारखं.

रागावलास तर तो राग बरोबर पत्त्यावर आला असं मी धरेन. आण्णांना अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे.

तुझी,
क्रांती


रविवार, ३ ऑगस्ट

प्रिय पृथ्वी,

आण्णांना सगळं माहीत होतं. हे त्यांनी स्वतः मला गेल्या मंगळवारी, सकाळच्या चहाला सांगितलं.

पण आधी तुझ्या मेसेजचं उत्तर. "आउटपुट ट्रान्सफॉर्मरला टॅप किती ओहमचे आहेत?" मी तीन आठवडे शिव्यांची वाट बघत होते आणि तू हे विचारलंस. तो मेसेज मी चारदा वाचला. गुंडू सांगतात, टॅप (म्हणजे स्पीकर जोडायची टोकं) आठ आणि सोळा असे दोन आहेत. जुन्या खोक्यांना सोळाचा लागतो. तुझे स्पीकर चार ओहमचे होते, म्हणजे तिथेही जोडी जमत नव्हती.

आता क्रमाने सांगते. सोमवारी मी तालमीत कृष्णातला भेटायला गेले. तो आता अध्यक्ष आहे, पोट सुटलंय, आवाज तोच. मी सगळं सांगितलं. त्याने आधी मला खुर्ची दिली आणि मग म्हणाला, "क्रांतीताई, तेरा वर्षं पूजा झालीया त्येच्यावर. देवाखालचं काढून न्यायचं म्हंजे कसं सांगू पोरास्नी?"

मी म्हणाले, बदली दुसरा चौरंग करून देते, सागवानी.

"चौरंगाचं न्हवं ओ. चौरंग शंभर मिळत्यात. पोरं म्हणत्यात ह्या बैठकीवर बसवायला लागल्यापास्नं आपली फुटबॉलची टीम जिंकाय लागली." मग म्हणाला, "तशी चारदा हरलीया बी. पर ते कोण मोजत न्हाय."

मीटिंगमध्ये विषय घेतो, एवढं म्हणाला. मी घरी आले. रात्र तशीच काढली आणि सकाळी चहा झाल्यावर आण्णांच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून सांगायला लागले. पलंगापर्यंत आले असेन. आण्णांनी हात वर केला.

"म्हाईत हाय मला."

कधीपासून?

"पहिल्या वर्षापास्नं. दर्शनाला गेलतो. कापड जरा सरकलं हुतं. कोपऱ्याचा सांधा दिसला. माझ्या हातचा सांधा मला कळत न्हाय व्हय?"

मग बोलला का नाहीत, आण्णा?

"तू दिलंस ते देवाला दिलंस. परत कसं मागायचं? आन् तुझ्या आईला झोप लागत हुती खाली."

पृथ्वी, मला तेव्हा आठवलं. दरवर्षी आण्णांना मीच दर्शनाला घेऊन जाते. सगळे लोक मूर्तीच्या पायाला हात लावतात. आण्णा वाकून खाली बैठकीला हात लावायचे, कोपऱ्यावर, आणि बराच वेळ तो तसाच ठेवायचे. मला वाटायचं, वयामुळे वर हात पुरत नसेल.

मग मी तुझ्या स्पीकरचं विचारलं. ते जमणार नाहीत हे तुम्हाला बघता क्षणी कळलं असेल की? म्हणाले, "स्पीकरच्या पाठीवरचा आकडा वाचला तवाच कळलं. पर पोरगं एवढ्या लांबनं आणलं, कौतुकानं जोडायलंय, तितं मी आडवं लावू? म्हटलं, वाजंल तसं वाजू दे."

आणि नंतर? अकरा वर्षं मशीन बंद ठेवलंत ते त्याच्या बोलण्याच्या रागाने?

आण्णा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी फार बिनडोक प्रश्न विचारला.

"राग कशाचा? पोरगं खोटं काय बोललं? त्या स्पीकरवर मशीन उपाशीच हुतं. पर दुसरं कायतरी जोडून मी ते वाजवलं असतं, तर पेठ म्हटली असती, बाळासोच्या पोराचं स्पीकरच खोटं. म्हून ठेवलं झाकून. मशीनला काय, त्येला पेन्शन हाय."

हे मी शब्दशः लिहिलंय. तू आण्णांच्या रागाला घाबरून येत नव्हतास. तो राग नव्हता, असा खुलासा संबंधितांनी केला आहे.

तुझी,
आक्का


बुधवार, २० ऑगस्ट

प्रिय पृथ्वी,

खोकी घरी आली. तालमीच्या मीटिंगमध्ये शुक्रवारी ठराव झाला आणि शनिवारी कृष्णात स्वतः दोन हातगाड्यांबरोबर दारात उभा राहिला. नवी बैठक आम्ही दिली आहे, सागवानी. एक अट त्यांनी घातली, ती शेवटी सांगते.

खोक्यांना चारी बाजूंनी ऑइल पेंट होता. दर गणपतीला एक हात, असे तेरा. कधी भगवा, कधी चंदेरी, एका वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं म्हणून मोरपंखी. पुढचं कापडसुद्धा त्यांनी रंगवलं होतं; ते पत्र्यासारखं कडक झालं होतं. गुंडूंनी ब्लेडने कापलं, टॉर्च आत मारली आणि चारी कोपरे तपासले. मग म्हणाले, "ताई, ह्या रंगानं वाचवलं. आत धूळ न्हाय, कसर न्हाय, कायबी न्हाय." कागदाचे दोन्ही शंकू जसेच्या तसे. उंदीर तेरा वर्षांत फिरकलाही नाही, ही माझ्या थापेला मिळालेली शिक्षा.

कृष्णात जाताना आण्णांसमोर उभा राहिला. "बाळासो, त्या दिवशी मी बोललो ते…"

आण्णा म्हणाले, "कुठल्या दिवशी?"

"पंचाहत्तरीला."

"ह्या बाजूनं बोल. तितनं ऐकू येत न्हाय."

तो उजवीकडे येऊन परत म्हणाला. आण्णांनी त्याच्या दंडावर थाप मारली. "खरं तेच बोललास. चहा घे."

काल सकाळी गुंडूंनी उजवीकडचं खोकं जोडलं, सोळाच्या टॅपला. आण्णांनी सनई-चौघड्याची ती जुनी रेकॉर्ड स्वतः पुसली, स्वतः लावली. पृथ्वी, मला या विषयातलं कळत नाही आणि मी वाढवून लिहीत नाही. आवाज मोठा नव्हता. पण सनईवाल्याने श्वास घेतला तो ऐकू आला. शेजारच्या बायडाबाई, ज्यांना आपल्या घरातलं काहीच आवडत नाही, त्या दारात येऊन म्हणाल्या, "कोण आलंय वाजवायला?"

आण्णा ऐकत होते. बटणाकडे हात गेला आणि त्यांनी आवाज आणखी कमी केला. "बास. आता बोलाय लागलं," म्हणाले.

गुंडू डावीकडचं खोकं जोडायला वळले तर आण्णांनी त्यांचा हात धरला. "त्यो ऱ्हाऊ दे. डावा पृथ्वी जोडंल."

"आवो, दोन मिंटाचं काम हाय."

"माझ्या पोराला दीड मिंट पुरं."

आता अडचण अशी, की वॉल्व्हचं मशीन एका बाजूला स्पीकर न जोडता चालवता येत नाही, आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून गुंडूंनी डाव्या बाजूला स्पीकरच्या जागी एक रेझिस्टर लावला आहे, बोटभर लांबीचा. मी विचारलं, मग त्या बाजूचा आवाज जातो कुठे? म्हणाले, "कुठं जातोय? ह्यो गिळतोय. आतल्या आत गरम हुतोय आन् गप बसतोय." मला आपल्या घरातली तीन माणसं आठवली.

गुंडूंचं म्हणणं, एक-दोन आठवडे चालेल, कायमचं तसं ठेवू नका.

डावीकडच्या खोक्याशेजारी आण्णांनी एक खुर्ची मांडून घेतली आहे. ती कशाला, विचारलं तर म्हणाले, "तितं पृथ्वी बसंल. त्या कानानं मला ऐकू येत न्हाय. त्यो काय बी बोलू दे."

आता तालमीची अट. गणेशचतुर्थीच्या सकाळी, त्यांचा मोठा साऊंड चालू व्हायच्या आधी, मूर्तीसमोर पहिली सनई आण्णांच्या मशीनवर वाजली पाहिजे. कृष्णात म्हणाला, "मशीन जेवलं का उपाशी हाय, पेठेला ऐकू दे."

त्यामुळे पुढचा कार्यक्रम असा. रविवारी, चोवीस तारखेला, सकाळी दहा वाजता घरी दोन्ही बाजू लावून ऐकायचं. बुधवारी, सत्तावीसला, मशीन आणि खोकी तालमीत. आठ वाजता सनई. रविवारी तू येणार, असं आण्णांनी गुंडूंना, कृष्णातला आणि बायडाबाईंना सांगून टाकलं आहे. मी त्याला दुजोरा दिलेला नाही. तो तुझ्याकडून यायचा आहे.

डावीकडच्या खोक्याच्या मागे दोन वायरी मोकळ्या सोडल्या आहेत, एक लाल, एक काळी. त्यांची टोकं आण्णांनी आज सकाळी सोलून, पीळ देऊन तयार ठेवली.

तुझी,
आक्का